लोकेशन म्हणजे पत्ता नव्हे

रस्त्यांची नावं, कोपऱ्यावरच्या पाट्या, घरांचे ओळीने क्रमांक ही सगळी मागच्या शतकाची गरज होती, आता त्यावर पैसा घालवण्यात अर्थ नाही, असं मत शहरी मराठी माणसांत झपाट्याने पसरलं आहे. सोसायटीच्या सभेत ते ऐकू येतं, वॉर्ड ऑफिसात ऐकू येतं, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी ऐकू येतं. युक्तिवाद साधारण असा असतो. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, फोनात नकाशा आहे, लोकेशन पाठवलं की माणूस दारात येतो. त्यात 2025च्या मे महिन्यात टपाल खात्याने डिजिपिन आणला आणि देशातल्या साधारण चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत मिळाला. मग दारावर 47 असा आकडा ठोकून काय साधणार? दुसऱ्या काहींचं म्हणणं असं की मारुतीसमोर, पिंपळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी हीच आपली पत्ता सांगायची रीत; ओळीने नंबर देणं हे साहेबाचं खूळ. आणि कचेरीतली मंडळी मान डोलावून सांगतात, करायला हवं होतं खरं, पण वेळ गेली. आता सगळ्यांचे कागद बदलायचे का?

ही तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या तोंडांतून येतात, पण त्यांचा परिणाम एकच होतो. घर कुठे आहे हे सांगण्याची जी जबाबदारी शहराची असायला हवी, ती राहणाऱ्याच्या अंगावर पडते. त्याने फोन उचलायचा, त्याने खुणा सांगायच्या, त्याने गॅलरीत उभं राहून हात करायचा. पत्ता ही नागरी सोय आहे, नळाच्या पाण्यासारखी. ती ज्याने त्याने आपापल्या घरी करून घ्यायची गोष्ट नाही. एवढं एकच मला इथे ठासून सांगायचं आहे.

आधी डिजिपिनचं बघू, कारण सगळ्यात ताजा आधार त्याचाच घेतला जातो. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने तो तयार केला. काम चोख आहे. सगळा देश एका चौकोनात बसवला, त्याचे सोळा भाग केले, प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा केलं की चार मीटरांवर येतो. संकेत उघडा आहे, कुणालाही वापरता येतो, त्यात राहणाऱ्याचं नाव-गाव काही नाही. डोंगरातला एकटा झाप, शेतातली वस्ती, समुद्रातली होडी यांच्यासाठी तो उत्तम आहे. पण हा संकेत नेहमीच्या पत्त्याची जागा घेणार आहे असं टपाल खातं स्वतःच म्हणत नाही. पत्त्याला जोड म्हणून आणलेली ही गोष्ट आहे. ज्यांनी ती बनवली त्यांनी न केलेला दावा तिच्या नावावर खपवला जातोय, हे पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवं.

दुसरं असं की हा चौकोन जमिनीवरचा आहे. बावीस मजली इमारतीत एकावर एक बावीस घरं असतात आणि त्या बावीसही घरांचा डिजिपिन एकच येतो. तिथे तुम्हाला विंग, मजला, फ्लॅट क्रमांक हे सगळं पुन्हा लिहावंच लागतं. म्हणजे जिथे माणसं सगळ्यात दाटीने राहतात तिथेच हा संकेत अपुरा पडतो. शिवाय ठिकाण कळलं म्हणजे वाट कळली असं होत नाही. पुण्याच्या कडेच्या उपनगरांत दोन सोसायट्यांच्या मधून ओढा जातो. सरळ रेषेत अंतर तीस मीटर, पण पुलावरून फिरून यायचं तर दीड-दोन किलोमीटर. फोनातला ठिपका बरोबर घरावर असतो आणि गाडी मात्र ओढ्याच्या अलीकडे मागच्या भिंतीपाशी येऊन थांबते. रस्त्यावरचा क्रमांक मुळात घराला मिळतच नाही, तो घराच्या फाटकाला मिळतो. फाटक ज्या रस्त्यावर उघडतं त्या रस्त्याचा तो क्रमांक. त्यामुळे कुठून आत शिरायचं हे पत्त्यातच आलेलं असतं.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रस्त्यावरचा क्रमांक माणसाला वाचता येतो. मी 31 नंबरपाशी उभा आहे, मला 47 हवं आहे, तर पुढे जायचं. विषम आकडे डाव्या हाताला आहेत म्हणजे समोरच्या बाजूला बघायचं कारण नाही. यासाठी फोन लागत नाही, चार्जिंग लागत नाही, इंग्रजी लागत नाही. डिजिपिनमध्ये दोन ते नऊ आकडे आणि आठ रोमन अक्षरं आहेत. तो वाचून पुढे जायचं की मागे, डावीकडे की उजवीकडे, हे जगातल्या कुठल्याही माणसाला उपकरणाशिवाय सांगता येणार नाही. ज्या आजींना देवनागरी पाटी झरझर वाचता येते त्यांना या दहा अक्षरांचा उपयोग काय? गावाहून पहिल्यांदाच लेकीकडे आलेल्या माणसाला स्टँडवरून घर गाठता येणं ही काही चैन नाही.

फोनावर सगळा भार टाकल्याने आणखी एक नुकसान झालं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पत्त्याची जागा मोबाइल नंबरने घेतली. आज घरी कुठलीही वस्तू मागवा, पत्ता कितीही सविस्तर लिहा, माणूस कोपऱ्यावर आला की फोन करतोच. ‘मॅडम, मंदिरापाशी आलोय, आता कुठे?’ एकटी राहणारी मुलगी असो, नाहीतर दुपारची झोपलेली म्हातारी, तिने अनोळखी माणसाशी बोलायचं, आपण घरात आहोत हे सांगायचं, कुठल्या खिडकीत उभे आहोत हेही सांगायचं. घराचा क्रमांक ही सार्वजनिक माहिती आहे, ती भिंतीवर असते, तिच्यात गुपित काही नाही. फोन नंबर ही खाजगी माहिती आहे. शहराने पहिली द्यायचं टाळलं म्हणून नागरिकाला दुसरी रोज वाटत फिरावं लागतं. या सगळ्यात सामान पोचवणाऱ्या पोराचेही हाल होतात. दिवसाला जितकी पार्सलं तितके फोन, आणि एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने ‘दादा, जरा बाहेर येता का’ असं विचारत राहायचं.

आता रात्रीची वेळ घ्या. घरात कुणाच्या तरी छातीत कळ आली, 108ला फोन लावला. पलीकडून पत्ता विचारतात. अशा वेळी पुण्यातल्या निम्म्याअधिक उपनगरांत घरचे काय सांगतात ते ऐका. ‘मेन रोडने सरळ या, पेट्रोल पंप गेला की डावीकडे, मग एक बोळ सोडा, तिथे पाण्याची टाकी दिसेल, तिथे कुणालातरी विचारा... नाही, थांबा, मी पोराला कोपऱ्यावर उभं करतो.’ घरातला धडधाकट माणूस, ज्याने रुग्णापाशी थांबायला हवं, तो मोबाइलचा टॉर्च हलवत चौकात उभा राहतो. घरात दोघंच असतील, एक आजारी आणि एक म्हातारं, तर कोपऱ्यावर कोण जाणार? मोठा आजार, आग, रात्रीची चोरी या सगळ्यांत पहिली काही मिनिटं हातची जातात. रस्त्याचं नाव आणि क्रमांक एवढ्या दोन गोष्टी असत्या तर ती वाचली असती.

हे असं का झालं, याचं मूळ जमिनीच्या दप्तरात आहे. आज पुण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा पत्ता ‘स. नं. 12/3/1अ’ असा काहीतरी असतो. हा सर्व्हे नंबर घरासाठी कधी नव्हताच. 1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात शेतजमिनीची मोजणी सुरू केली, त्यातून जी पद्धत रुळली तिच्यात शेताच्या तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला. हेतू सारा वसूल करण्याचा. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या की पोटहिस्से पडले: तीनचा एक, एकचा अ. त्या शेतावर ज्वारी होती तोवर हे सगळं बरोबर होतं. शेत बिगरशेती झालं, गुंठेवारी झाली, इमारती उभ्या राहिल्या, आणि आठ-दहा एकरांच्या एका सर्व्हे नंबरात शेकडो कुटुंबं आली. नंबर मात्र तोच राहिला. त्यात प्रत्येक गावाचे सर्व्हे नंबर एकपासून सुरू होतात. 2017 साली पुणे महापालिकेत 11 गावं आली, 2021 साली आणखी 23 आली. प्रत्येक गाव आपापला सर्व्हे नंबर एक घेऊन आलं. एका शहरात एकच आकडा इतक्या वेळा असेल तर त्या आकड्याला पत्ता म्हणायचं कसं?

जुन्या पेठांत सर्व्हे नंबर नाही, पण दुखणं तेच. सदाशिव पेठेत घर क्रमांक संपूर्ण पेठेचा आहे, रस्त्याचा नाही. लक्ष्मी रस्त्यापासून टिळक रस्त्याच्या बाजूपर्यंत पसरलेल्या पेठेत नुसता चार आकडी क्रमांक सांगितला तर तो कुठल्या बोळात आहे हे पेठेतल्या माणसालाही सांगता येत नाही. अशाच एका वाड्याची चौकट मी जवळून पाहिली आहे. वरच्या बाजूला निळ्या पत्र्याची पाटी, तिच्यावरचे दोन आकडे गंजून गेलेले. तिच्याखाली गेरूने लिहिलेला जनगणनेचा क्रमांक, त्यावर पुढच्या जनगणनेचा दुसरा. बाजूला पोलिओच्या डोसासाठी येणाऱ्या बायकांनी खडूने काढलेला पी. उजव्या खांबावर वीजमीटरचा स्टिकर, त्याखाली मिळकतकरवाल्यांनी चिकटवलेला वेगळा आकडा, आणि सगळ्यात खाली कुठल्याशा सर्वेक्षणाचा बारकोड. सरकारच्या किती हातांनी या चौकटीवर आकडे लिहिले! प्रत्येकाला ते घर स्वतःच्या वहीत हवं होतं. त्या दारात येणाऱ्या माणसासाठी मात्र एकानेही काही लिहिलं नाही. त्या वाड्यात पत्र येतं ते पोस्टमनच्या डोक्यात बीट पाठ आहे म्हणून. तो रजेवर गेला, बदली माणूस आला, की ‘अपुरा पत्ता’ असा शेरा मारून टपाल परत.

इथे एका मराठी माणसाची आठवण काढलीच पाहिजे. देशातली पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी उभी केली. संस्कृतचे पंडित आणि कवी असलेला हा माणूस दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी होता. 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा आकड्यांचा पिन सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते लिहायच्या अनेक भाषा आणि लिप्या, या गोंधळातून त्यांनी वाट काढली. पण त्यांच्या सहा आकड्यांचं काम टपाल कचेरीच्या दारात संपतं. 411030 म्हटलं की पत्र सदाशिव पेठेच्या कचेरीत पोचतं. तिथून दारापर्यंतचं काम नगरपालिकांनी करायचं होतं. पन्नासहून अधिक वर्षं झाली, ते झालेलं नाही.

आता ‘ही आपली रीत नव्हे’ या म्हणण्याकडे येतो. खुणेवरून घर सांगण्यात गोडवा आहे हे मी नाकारत नाही. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा ही नावं पुण्याचा ठेवा आहेत आणि ती पुसली जाऊ नयेत म्हणून मीही भांडेन. पण क्रमांक परका आहे हे साफ खोटं आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराचा पत्ता काय होता? बीडीडी चाळ क्रमांक अमुक, मजला दुसरा, खोली क्रमांक तमुक. चाळीवर मोठ्या अक्षरांत क्रमांक, खोलीच्या दारावर क्रमांक. कोकणातून, घाटावरून पहिल्यांदाच मुंबईत उतरलेला अर्धशिक्षित पोरगा चिठ्ठीवरचा हा पत्ता विचारत बरोबर मामाच्या खोलीवर पोचायचा. कोल्हापुरात राजारामपुरीला चला. राजारामपुरी पाचवी गल्ली म्हटलं की रिक्षावाला एक शब्द न विचारता नेऊन सोडतो, कारण चौथीनंतर पाचवी आणि पाचवीनंतर सहावी येते. पुण्यातही प्रभात रस्त्याच्या गल्ल्या आकड्यांनी ओळखल्या जातात आणि त्या भागातल्या कुणाला त्यात काही परकं वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. जिथे नीट क्रमांक दिले तिथे मराठी माणसाने ते आनंदाने वापरले. जिथे दिलेच नाहीत तिथे त्याने मारुती आणि पिंपळ धरला. या नाइलाजाला संस्कृती म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

शिवाय खूण टिकत नाही. ‘अलका टॉकीजचा चौक’ हे नाव टॉकीजपेक्षा जास्त जगेल, ठीक आहे. पण पिठाची गिरणी बंद होते, पंप हलतो, पिंपळ पडतो, एसटीडी बूथ तर सगळेच गेले. गुगलवरून घर शोधत आलेल्या नव्या भाडेकरूला ‘जुन्या रेशन दुकानासमोर’ हे कसं कळावं? खुणेचा पत्ता हा आधीपासून तिथे राहणाऱ्यांचा पत्ता असतो, बाहेरून आलेल्याला तो वगळतो. आणि आपली शहरं तर बाहेरून आलेल्यांनीच भरलेली आहेत.

क्रमांक म्हणजे सरकारची पाळत, असंही काही मित्र म्हणतात, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. मारिया थेरेसाच्या काळात, 1770 साली, ऑस्ट्रियाने घरांना क्रमांक दिले ते सैन्यभरतीसाठीच. पुण्याने 1897 सालच्या प्लेगात रँडसाहेबाचे सोजीर घराघरांत घुसलेले पाहिले. पण त्या सोजिरांना क्रमांकांची गरज पडली नव्हती, ते दिसेल त्या प्रत्येक दारात घुसत होते. झडती घेणाऱ्याला सगळी गल्लीच पुरते. नेमकं एक घर हवं असतं ते डॉक्टरला, पोस्टमनला, पाहुण्याला. आणि गरीब माणसाला विचारा, त्याला क्रमांक हवा आहे की नको. मुंबईत 1976 साली झोपड्यांची गणना झाली, त्यानंतर फोटोपास दिले गेले. तो पिवळा पडलेला कागद कुटुंबं पिढ्यानपिढ्या ट्रंकेत जपतात, कारण ‘आम्ही इथे होतो’ याचा तो पुरावा असतो आणि पुनर्वसनाचा हक्क त्यावरच उभा राहतो. कोलकात्याच्या वस्त्यांत एका आयरिश संस्थेने झोपड्यांना नकाशावरचे संकेत दिले, त्यातून लोकांना ओळखपत्रं आणि बँकेची खाती काढायला मदत झाली. डिजिटल संकेताचं यश म्हणून हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. पण तिथेही तो संकेत पाटीवर लिहून प्रत्येक दारावर ठोकावा लागला, ही गोष्ट मात्र सांगायची राहून जाते.

क्रमांक नसण्याची किंमत 2025मध्ये मतदारयाद्यांच्या वादात सगळ्या देशाने पाहिली. याद्यांत कितीतरी मतदारांच्या नावापुढे घर क्रमांक शून्य. स्थानिक संस्थांनी अनेक घरांना क्रमांकच दिलेला नाही, म्हणून शून्य लिहितात, असा खुलासा मुख्य निवडणूक आयुक्तांना करावा लागला. खुलासा खरा धरला तर ती ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी दिलेली जाहीर कबुलीच आहे. खोटा मतदार आणि खरा मतदार यांतला फरक दाखवणारा सगळ्यात साधा धागा, म्हणजे दार, आपण लोकशाहीला देऊ शकलो नाही. फोनावरचा ठिपका तिथे कामाला येत नाही.

मग आपल्या महापालिका या बाबतीत करतात काय? त्या नावं देतात. नाव समितीच्या बैठका होतात, ठराव होतात, आणि शंभर मीटरांत तीन चौकांना तीन नावं मिळतात. एखाद्या चौकात उभं राहून पाटी बघा. वर दिवंगत व्यक्तीचं पूर्ण नाव, उपाध्यांसकट. खाली ‘संकल्पना’ म्हणून विद्यमान किंवा माजी नगरसेवकाचं नाव, बऱ्याचदा वरच्याहून ठळक. सोबत त्यांचा फोटो. रस्ता कुठून कुठे जातो, या टोकाला कितवा क्रमांक आहे, यातलं एक अक्षर नाही. पुढच्या चौकात त्याच रस्त्याला दुसरं नाव. रस्त्याचं नाव म्हणजे श्रद्धांजली एवढंच उरलं. ज्याच्या नावाची पाटी लावली त्याचंही यात भलं होत नाही. मुंबईचा पेडर रोड कागदोपत्री डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग झाला, पुण्याचा फर्ग्युसन रस्ता नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ झाला. किती लोक म्हणतात? उलट हॉर्नबी रोडचं दादाभाई नौरोजी रोड झालं ते लोकांनी उचललं. त्या रस्त्यावर ओळीने क्रमांक होते, दुकानांच्या पाट्यांवर, पावत्यांवर, पाकिटांवर क्रमांकासह ते नाव रोज लिहिलं गेलं. ठरावात राहिलेलं नाव आणि पाकिटावर लिहिलं जाणारं नाव यांत हा फरक असतो.

मी नामांतराच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. काही नावं बदललीच पाहिजेत. 2020च्या डिसेंबरात राज्य सरकारने महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. हा निर्णय कितीतरी आधी व्हायला हवा होता. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना ज्याला आपली जातच लिहावी लागते त्याला विचारा पत्ता म्हणजे काय असतो. पण म्हणूनच माझा आग्रह आहे की हे काम अर्धवट सोडू नका. वस्तीला समतानगर म्हटलं आणि आत घरांना क्रमांक दिले नाहीत, गल्ल्यांना नावं दिली नाहीत, तर बाहेरचा माणूस जुन्याच नावाने विचारणार आणि गावही जुन्याच नावाने सांगणार. नवं नाव जिभेवर रुळवायचं तर ते रोजच्या पत्त्यात यायला हवं.

राहिला कागद बदलण्याचा आक्षेप. हा सगळ्यात व्यावहारिक वाटतो आणि सगळ्यात कच्चा आहे, कारण ज्यांचं दुखणं अगदी आपल्यासारखं होतं त्यांनी ते सोडवलं आहे. जपानात घराचा पत्ता म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा नोंदणी क्रमांक असायचा. तुकडे पडत गेले, आकडे विस्कटत गेले, आपल्या पोटहिश्शांसारखेच. 1962 साली त्यांनी कायदा करून राहण्याचा पत्ता आणि जमिनीचा क्रमांक वेगळे केले. दक्षिण कोरियाने तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथेही पत्ता जमिनीच्या क्रमांकावर होता, जपानी राजवटीतल्या मोजणीतून आलेला. 2006 साली कायदा झाला, प्रत्येक रस्त्याला नाव दिलं, रस्त्याच्या सुरुवातीपासून दर वीस मीटरांना क्रमांक आखले, डावीकडे विषम, उजवीकडे सम. 2011पासून जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते चालू ठेवले, आणि 1 जानेवारी 2014पासून पत्ता म्हणून रस्त्याचाच पत्ता मानला. जमिनीच्या व्यवहारांत जुना क्रमांक आजही चालतो. म्हणजे सातबारा सातबाराच्या जागी राहिला, मिळकत पत्रिका तिच्या जागी राहिली, फक्त माणसाच्या दाराला त्याचा स्वतःचा क्रमांक मिळाला. हा कोरियाही आपल्यासारखाच हातात फोन घेऊन फिरणारा, किंबहुना आपल्याहून अधिक. जिथलं इंटरनेट जगात वेगवान मानलं जातं, त्या देशाने फोनांच्या भर काळात दारांवर पाट्या लावल्या. पाट्यांचा काळ संपला म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

प्रागमध्ये आजही घरांवर दोन पाट्या असतात. लाल पाटीवर नोंदणीचा क्रमांक, निळ्या पाटीवर रस्त्यावरचा क्रमांक. दोन्हींची कामं वेगळी, दोन्ही सुखाने नांदतात. आपल्यालाही सिटी सर्व्हे नंबर पुसायची गरज नाही, सदाशिव पेठेतल्या माणसाने आपला जुना आकडा अभिमानाने सांगायलाही हरकत नाही. त्याच्या शेजारी एक निळी पाटी लागेल, एवढंच.

आपल्याकडे वीस किंवा दहा मीटरांची पद्धतच योग्य ठरेल असं मला वाटतं. आपल्या रस्त्यांवर मध्येच मोकळे प्लॉट असतात, वाडा पाडून तीन इमारती होतात, दोन बंगल्यांच्या जागी एक टॉवर येतो. एक-दोन-तीन असे ओळीने आकडे दिले तर दहा वर्षांत अ, ब, क लावायची वेळ येईल. अंतरावरून आकडा दिला की मधला प्लॉट कधीही बांधला तरी त्याचा क्रमांक आधीच ठरलेला असतो, आणि 340 नंबरचं घर रस्त्याच्या तोंडापासून किती लांब हे आकडाच सांगतो. मोठ्या रस्त्याला एकच नाव, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चौकांना हवी ती नावं द्या, पण रस्ता तोडू नका. गल्लीला नाव सुचत नसेल तर ती मोठ्या रस्त्याच्या ज्या अंतरावर फुटते तो आकडा तिला द्या. दोन्ही टोकांना देवनागरीत पाटी, आकडे ठळक, रात्री दिव्यात दिसतील असे. पाटीवर माणसाचा फोटो नको आणि ‘संकल्पना’ तर अजिबात नको. पासोड्या विठोबाला पाटीवर जागा जरूर द्या, गल्लीचं अधिकृत नाव तेच करा. लोकांच्या जिभेवर असलेलं नाव डावलून नवं लादायची काही गरज नाही.

यासाठी नवा अधिकारही मागायला नको. मुंबई महापालिकेच्या 1888च्या कायद्यातच रस्त्यांना नावं देण्याचा, पाट्या लावण्याचा, मिळकतींना क्रमांक देण्याचा अधिकार आहे. त्या काळातल्या माणसांना हे महापालिकेचं मूळ काम आहे हे कळत होतं. मिळकतकरासाठी महापालिका दारोदार माणसं पाठवतेच. त्याच फेरीत अंतर मोजून पाटी लावता येईल. आणि सगळं शहर एकदम हाती घ्यायचंही कारण नाही. नव्याने आलेल्या गावांत आज रस्ते आखले जातायत, बांधकामाचे परवाने दिले जातायत. तिथे परवान्यासोबत रस्त्यावरचा क्रमांक द्यावा, फाटकावर तो लागलेला दिसल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. बिल्डर इमारतीच्या नावाची रोषणाई दोन मजले उंच लावतो, त्याला एक पाटी जड होणार नाही. ‘वेळ गेली’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर या आठवड्यात मंजुरीला आलेले जे नकाशे आहेत, त्या घरांत अजून कुणी राहायलाही आलेलं नाही.